लेन्सचा स्क्रू

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती

काहून फिरवला मी तो स्क्रू? नवरा आहो का वैरी मी सुमनचा?

लकवा मारल्यापासून तिचा उजवा अंगठा हलते तो फक्त टीव्हीवरच्या गाडीच्या गेमवर. लोडशेडिंगपायी गेमचा जुना डबा जळाला. अकोल्याहून दुसरा आणला, तर तो आमची कॉपी केलेली सीडी घेईना. रफिकभाई मेकॅनिकनं त्यात कॉपी सीडी चालवाची चिप बसवली, सीडी वाचणाऱ्या लेन्सचा स्क्रू थोडा फिरवला. चालला! पण अधूनमधून अटके, म्हणून घरी तोच स्क्रू मी आणखी पिळला. आता सीडी नुसती करकरते.

रफिकभाई फोनवर म्हणे, "लेन्सच गेली, भाऊ."

सुमन काळ्या पडद्यासमोर रिमोट धरून बसली होती. म्हणे, "तुमी जीवाले लावून नोका घेऊ. रस्ता मले पाठ आहे."

अंगठा हलला नाही.