लावणी होऊ दे

बाबा, आज पितृपक्षातली दशमी, तुमची तिथ. सकाळी पान वाढून झालं, घरातली जेवली, भांडी घासून झाली. मी ओटीवर बसून लिहितोय. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थांबावं लागतं. लिहिण्याचं कारण असं की जे तुम्हाला होतं, ते मलाही निघालं. कंपनीत रक्तदानाचं शिबिर होतं. मी दर वर्षी देतो, पुण्य म्हणूनच देतो. या वेळी आठवड्याभराने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून फोन आला, येऊन जा म्हणून. कुठून आलं ते तुम्ही विचारणार नाही. तुम्हालाही आम्ही कधी विचारलं नाही. बायकोची तपासणी केली, तिला काही नाही. ते कळल्यावर मी देवाला हात जोडले. स्वतःसाठी काही मागायचं सुचलं नाही.

तुमची पहिली खेप मला दिसते. पौष महिना आहे, मी तुम्हाला मोटरसायकलवरून कर्जतला आणलंय. तुम्ही दवाखान्यात जाता, मी गाडी घेऊन स्टँडवर थांबतो. गाडी कुणी उचलून नेईल, असं मी तुम्हाला सांगितलंय. दोन तासांनी तुम्ही वडापावाचा पुडा हातात घेऊन येता, चेहऱ्यावर हसू. "पास झालो रं," म्हणता. "पेशी चांगल्या हायत म्हनाले. आता गोळ्या नाय. सा महिन्यांनी परत मोजायच्या." तेव्हा नियमच तसा होता, रक्तातल्या पेशी उतरल्याशिवाय गोळ्या देत नसत. तुम्हाला त्यात सुटका वाटली. घरी आल्यावर तुम्ही गोठ्याचा मोडका दरवाजा बसवलात आणि रात्री भाकरी मागून घेतलीत.

आषाढात सहा महिने भरले. तुम्ही ओटीवर बसलेले, पायाला चिखल. "ती तारीख आली रं. नेतोस का?" मी म्हणालो, "लावणी होऊ दे, मग जाऊ." तुम्ही बरं म्हणालात. परत विचारलं नाहीत. मीही विषय काढला नाही. दिवाळीत तुमचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला, तेव्हा नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पण तोवर छातीत क्षयही शिरला होता. मार्गशीर्षात तुम्ही गेलात. आई आधीच गेली होती, एवढं एक बरं.

आता माझ्या खेपेला मी दवाखान्यात आत बसलो. रांगेत चौक गावच्या गॅरेजमधला एक जण होता, माझ्या ओळखीचा. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता भिंतीवरचा एचआयव्हीचा तक्ता वाचत बसलो. माझ्यापुढे डोंगरातल्या वाडीवरची एक बाई होती, पोर कडेवर. तिला गोळी कशी घ्यायची ते सांगितलं, तर तिने तिथंच बाटली उघडली, माठातलं पाणी घेतलं आणि गिळली. "घेतली. आता जाऊ? जीप जाईल माझी." समुपदेशक बाई हसल्या. मग मला म्हणाल्या, "काका, आता पेशी उतरायची वाट बघत नाहीत. कळलं की सुरू. रोज एक, चुकवायची नाही. जितकी लवकर घ्याल तितकं अंग शाबूत राहील, आणि घरच्यांनाही जपाल. आजच घ्या." मी विचारलं, पंधरा दिवसांनी घेतली तर चालेल का. "का हो?" म्हटलं, घरी काम आहे. "गोळी घेऊन काम होत नाही का?" त्या दिवशी पक्षातली द्वितीया होती. पितरांच्या दिवसांत नवं काही सुरू करायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकलोय. बाटली मी डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली. आठ दिवस कामावर गेलो, आलो. आत काही हललं नाही. भीतीही वाटली नाही.

आज सकाळी बायको वडे तळत होती. डबा घासायला म्हणून तिने पिशवी उलटी केली.

"ही फोडलीच नाय तुमी?"

"पितर हायत. सर्वपित्री झाली की घेतो. या दिवसांत नवं काय सुरू करत नाय."

"नवं म्हंजे कापड, भांडं, गाडी. ही काय पैठणी हाय का?" झारा तिच्या हातात तसाच, तेल ठिबकतंय. "तुमच्या बाबांनी जायचं टाळलं आनि गेले, तुमीच सांगता ना? मंग? त्यांच्याच नावाने तुमी टाळताय, आनि वर त्यांनाच खीर वाढताय. गिळतील ती?"

मी हसलो, का ते कळलं नाही. तिने झाकण फिरवलं, गोळी माझ्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या दिला आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मागे कढईतला वडा काळा झाला. मग मी तुमचं पान वाढलं. उद्याची गोळी उद्या, एवढं ठरलंय.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. दवाखान्याच्या तुमच्या जुन्या कार्डाबरोबर ठेवीन, त्यावर आषाढातली ती तारीख अजून वाचता येते. बायको त्या आषाढात बाळंतपणाला माहेरी होती. म्हणून तिला जे सांगितलं तेच ती धरून आहे, की बाबांनी टाळलं. तुम्ही टाळलं नव्हतं. आणि तुम्ही विचारलंत त्या दिवशी लावणी उरली नव्हती, आदल्या दिवशीच संपली होती. तुमच्या पायाला चिखल होता तो बांध लिंपल्याचा. तुम्हालाही ते माहीत होतं, तरी बरं म्हणालात. मला त्या रांगेत तुमच्या शेजारी बसायचं नव्हतं.