अक्षतांच्या फोटोवर लाल फुली

३ मे, बुधवार
आली! नवी पोरगी, वर्षाराणी. किल्लारीहून रोज जीपनं येणार म्हणे. आमच्या मालकांनी, आप्पांनी, तिला थेट आत बसवलं, एसीत, मोठ्या मशीनवर. आठ वर्षं या स्टुडिओतले लग्नाचे अल्बम मी जुळवले — आणि मी दारातल्या पंख्याखाली! आयत्या पिठावर रेघोट्या मारायला आली ही.

५ मे, शुक्रवार
मोठ्या मशीनची डिस्क भरली. लग्नसराई, त्यात एकेका अल्बमच्या फाईली अशा जडशीळ. मी म्हटलं, नवी डिस्क आणा. बाईसाहेब म्हणाल्या, "कशाला आप्पा? हायत त्याच फाईली दाबून बसवते की." कसलंसं सॉफ्टवेअर टाकलं, फाईली दाबून लहान केल्या, संध्याकाळपर्यंत बरीच जागा मोकळी. आप्पा खूश. "पोरगी लई हुशार हाय!" माझ्यासाठी कधी निघालं का हे 'लई' त्यांच्या तोंडून?

६ मे
जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं, बरं वाटलं.

८ मे, सोमवार
मोठ्या मशीनवर मधेच एक चौकट येते — लाल फुली, शेजारी 'डिस्क एरर'. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या! काळजीचं तोंड करून विचारायला गेले, तर ही हसली.
"काय न्हाई ताई. फाईली दाबल्यात, जागेचा हिशोब मशीनला जुळंना, म्हणून वरडायलंय. ओके दाबायचं अन् पुढं जायचं."
मला दाबून दाखवलं, फोटो उघडून दाखवले. एकही बिघडला नव्हता. दुपारी डब्यातली शेंगाची पोळी दिली. चांगली होती. त्याचाही राग आला.

११ मे, गुरुवार
औशाची मंडळी फोटो निवडायला आली. नवरदेवाची आई सुमनबाई पुढं, मागं सगळा गोतावळा. वर्षाराणी एकेक फोटो दाखवत होती. अक्षता पडतानाचा फोटो आला आणि नेमकी तेव्हाच ती चौकट! लाल फुली नवरा-नवरीच्या मधोमध.
सुमनबाई उठूनच उभ्या राहिल्या. "अगं बाई! अक्षतावर फुली? महिना झाला न्हाई लेकराच्या लग्नाला!"
वर्षाराणी सांगत होती, ही फक्त मशीनची सूचना आहे, फोटो नीट आहे. पण ऐकतंय कोण! आप्पांनी मला आत बोलावलं. "आरती, तू जुनी हायस. तू सांग, हे खरंच काय न्हाई का?"
सगळे माझ्याकडं बघत होते. तीही.
मी म्हटलं, "मला काय माहीत आप्पा? मशीन तिचं."
मंडळी अल्बमची ऑर्डर न देताच निघून गेली.

१२ मे
उद्यापासून येऊ नको म्हणून आप्पांनी तिला सांगितलं. जाताना माझ्यापाशी थांबली. "येते ताई." एवढंच. मी कीबोर्ड पुसत बसले, मान वर केली नाही.

१३ मे
मोठं मशीन माझं! एसीत फार गार होतं, ओढणी गुंडाळून बसले.

१५ मे, सोमवार
उदगीरची मंडळी होती. हळदीच्या फोटोवर तीच चौकट आली. आप्पा दचकले. मी हसत ओके दाबलं — "काय न्हाई आप्पा, फाईली दाबल्यात म्हणून येतंय. फोटोला काय होत न्हाई." मंडळी निवांत पुढचे फोटो बघायला लागली. आप्पा मात्र माझ्याकडंच बघत राहिले.
"मग गुरुवारी का बोलली न्हाईस?"