न बसणारे तीन बार

प्रिय बाबा,

पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची असते, पण आज मी ती करणार नाही. पंधरा दिवसांत तीन वेळा फोन फिरवून जो माणूस दुसऱ्या गावातल्या दुकानदाराला कामाला लावतो, त्याची तब्येत ठणठणीतच असणार. हो, मला सगळं कळलंय. मी फोन केला की ताई सांगते, बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, मशीनच्या आवाजाने कान पार गेलेत. त्या दुकानातल्या मिशीवाल्या काकांचं मात्र शब्द न् शब्द ऐकू येतं. म्हणून हे पत्र लिहितेय. वाचायला कान लागत नाहीत.

बालवाडीच्या छपरावर एक वाळलेलं झाड कललंय, ते उतरवायचं काम मला मिळालंय. दीड वर्ष दुसऱ्यांच्या टोळीत फांद्या उतरवल्यावर माझ्या एकटीच्या नावावर मिळालेलं हे पहिलं काम. सोमवारी मुलं सुट्टीवरून परत येणार, तोवर झाड खाली हवं, नाहीतर दुसऱ्या टोळीला बोलावू, असं बालवाडीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय. टोळीची मशीन टोळीबरोबर गेली, म्हणून तुमचं चेनसॉ ट्रंकेतून काढलं. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. चेन ज्याच्या कडेने फिरते तो लांब पट्टा, तो बार मात्र तोच होता, त्या दिवसाचा. एका बाजूची कड इतकी झिजलेली की नखालाही कळत होती. तो बदलल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, एवढी अक्कल तुम्हीच दिली आहे.

बुडाशी कोरलेले आकडे घासून गेले होते, तेव्हा सगळं मोजणं आलं. मी तुम्ही शिकवलंत तसंच मोजलं. लांबी पूर्ण पट्ट्याची नाही, मशीनच्या तोंडापासून टोकापर्यंतची. चेनचे खाचेत बसणारे दात एकेक करून मोजले, त्यांच्यातलं अंतर घेतलं, खाचेची रुंदी घेतली, बोल्ट जातात ती फट, ताण देणारी खुंटी बसते ते भोक, तेलाचं भोक, सगळं कागदावर आकृती काढून लिहिलं. त्याखाली मशीनचा मॉडेल नंबरही घातला. दुकानात काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, पोरीने बापाचं नाव राखलं असंही म्हणाले, आणि आतून बार आणून दिला.

तो बोल्टांवर गेलाच नाही. फट अरुंद. मी परत गेले. काका म्हणाले, कंपनीने घोळ केला असेल. दुसरा बोल्टांवर छान बसला, पण त्याच्या खाचेत चेनचे दात शिरेनात. पुन्हा गेले. पुन्हा कंपनीचा घोळ, पुन्हा काका माझ्याकडे न बघता छताच्या पंख्याकडे बघत बोलत होते. तिसऱ्याला फटही बरोबर, खाचही बरोबर, पण खुंटीचं भोक बोटभर मागे, त्यामुळे झाकण लागेना. मुदतीतले दहा दिवस असे गेले. बालवाडीच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला नक्की जमणार आहे ना? मान खाली घालून हो म्हणाले, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

मग काल दुपारी तिन्ही बार स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चहा पीत बघत बसले. चुका तीन, तिन्ही वेगळ्या, पण तिन्ही इंजिन सुरू करायच्या आधीच टेबलावर कळणाऱ्या. दुकानदार खरंच चुकला असता तर एखाद्या बारची खाच चेनपेक्षा रुंद निघाली असती. तो बसला असता, हाताने फिरवून पाहिला तरी ठीक वाटला असता, आणि झाडावर गेल्यावर चेन डुगडुगायला लागली असती. किंवा तेलाचं भोक जुळलं नसतं आणि अर्ध्या फांदीत बार तापून लाल झाला असता. घातक ठरणारी एकही चूक त्या तिघांत नव्हती. इतकं निवडून, जपून चुकणारा माणूस मला एकच माहीत आहे. चहा तसाच टाकून मी दुकानात गेले.

काकांनी फार ताणलं नाही. काउंटर पुसत पुसत, मिशीतल्या मिशीत म्हणाले, "मी नाही म्हणत होतो गं. तर तुझा बाप म्हणाला, बसणारच नाही असा दे. चुकूनसुद्धा बसेल असा देऊ नकोस." आणि काउंटरखालून कागदात गुंडाळलेला चौथा बार काढून समोर ठेवला. माझ्या कागदाबरहुकूम, तंतोतंत. पहिल्या दिवसापासून तो तिथेच पडलेला होता आणि मी तीन वेळा त्याच्यासमोर उभी राहून भलताच बार घेऊन परत आले होते. सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

मला राग कशाचा आलाय तेही सांगून टाकते. तुम्हाला मी झाडावर चढायला नको आहे, याचा नाही. आईलाही नको होतं, ती रोज सकाळी तोंडावर म्हणायची, मी रोज तोंडावर भांडायचे, आणि दोघी एकत्र जेवायचो. राग याचा की मशीन मागायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझी मर्जी. मला वाटलं, बाबांनी विश्वासाने दिलं. मी ट्रंक उचलून अख्खा रस्ता मिरवत आले, बाबा. आणि माझी पाठ वळताच तुम्ही फोन उचललात. ज्याने मला सगळं मोजायला शिकवलं त्यानेच माझी मापं वापरून मला अडवलं. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी विसरूनही गेले असते.

आणि मनात ठेवायची तुमची ही पहिली वेळ नाही. चेन निसटून तुमच्या उजव्या हातावर आली, दोन बोटं कायमची वाकायची राहिली, त्याला तीन वर्षं झाली. डॉक्टरांना, ताईला, काकांना, सगळ्यांना तुम्ही एकच सांगितलंत, माझाच हलगर्जीपणा, बार बदलायचा राहून गेला. इतक्या वेळा सांगितलंत की ताईला आता ते पाठ झालंय. ती सांगते आणि मी शेजारी बसून ऐकते.

त्या सकाळी काय झालं ते तुम्हाला आठवतंय आणि मलाही. तुम्ही बूट घालत होता, मला म्हणालात, बार टेबलावर कडेवर उभा करून बघ गं, सरळ राहतोय का. मी उभा केला. तो कलला. जरासाच, पण कलला, म्हणजे कड एका बाजूने झिजलेली. मला बाहेर जायचं होतं, मैत्रिणी थांबल्या होत्या, म्हणून मी म्हणाले, टेबलालाच उतार आहे बाबा, चालेल अजून. तुम्ही माझ्या शब्दावर गेलात. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी त्या टेबलावर गोटी ठेवून पाहिली. ती जागची हलली नाही. टेबलाला उतार नव्हता. हे तुम्हाला माहीत आहे, कारण ते टेबल तुम्ही स्वतः रंधा मारून बनवलंय, आणि तरी तीन वर्षांत एका शब्दाने तुम्ही मला बोलला नाहीत. माझ्यावर रागवायचा तुमचा हक्क होता. तो तुम्ही वापरला नाहीत, आणि मला माफी मागायला जागाच ठेवली नाहीत. ती आज मागतेय, म्हणून हे पत्र. नवा बार कडेवर उभा करून पाहिलाय, सरळ राहतो. मशीनवर चढवलाय, पण चेनला ताण दिलेला नाही. शुक्रवारी सकाळी या. उत्तर लिहू नका, त्या बोटांनी लिहिलेलं मला वाचवत नाही. आल्यावर आधी मला मनसोक्त रागवा, मग झाडावर चढू नकोस असं तोंडावर सांगा, मी तोंडावर चढणार म्हणेन. आणि मग चेनला ताण तुम्ही द्या, तुमच्या हाताने. तुमचं बघून होईपर्यंत मी मशीन सुरू करणार नाही.

तुमचीच,
खारूताई
(बालवाडीच्या बाईंसमोर या नावाने हाक मारू नका.)