आईंचा निळा एप्रन

आदिनाथदादा,

तुमच्या आईंना चाकणच्या वृद्धाश्रमात सांभाळते ती मी शालन. हे पत्र टाकलं तर माझी नोकरी जाईल, मग त्यांच्याजवळ कोणीच उरणार नाही.

नव्या कायद्यानं आश्रमांना सरकारी मदत मिळणार आहे, पण दहा म्हाताऱ्या माणसांमागे दोन सेविका लागतात. आमच्यातल्या बऱ्याच जणी इथल्या कंपन्यांत कामाला गेल्या. सरकारी तपासणीच्या दिवशी आश्रमाच्या मॅडम तुमच्या आईंकडे बघून म्हणाल्या, "कुशाबाई धडधाकट आहेत, त्यांना सेविकेचा निळा एप्रन घाला." नाड्या मीच बांधल्या. आईंनी वीस वर्षं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काढलेली. एप्रन चढताच त्या ताठ उभ्या राहिल्या आणि तपासणीच्या साहेबांना म्हणाल्या, "व्हय, मी हितं कामाला हाय."

तो एप्रन पुन्हा उतरलाच नाही. आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढलंय, म्हणून डॉक्टर त्यांना तपासत नाहीत. बीपीची गोळी बंद आहे. अंथरुणाला खिळलेली माणसं उचलताना त्यांना धाप लागते. मॅडमनी आणखी दोन एप्रन शिवायला टाकलेत.

तुमचं तळेगाव काही लांब नाही, दादा. काल मी विचारलं, "आई, आदिनाथदादांना बोलवू का?"

त्या म्हणाल्या, "नको. सुट्टी मिळाली की मीच जाईन त्याच्याकडं."

नाड्या बांधणारी,
शालन