मधोमध सहा इंच

४ जाने., रविवार

घरात सकाळपासून इतिहास चालू आहे. स्टेडियमचा. टेनिसचं जुनं मातीचं कोर्ट आता उखडणार, तिथे निळं सिंथेटिक येणार, उद्घाटनाला पुस्तिका निघणार. ती लिहायची कोणी, तर मंडळाच्या सेक्रेटरींनी. म्हणजे माझ्या नवऱ्याने, अरुणने. "वसईच्या पश्चिमेस, होळी गावच्या वाड्यांलगत..." इथपर्यंत मजल गेली, मग चहा मागितला.

स्टेडियम म्हणजे काय, एक कोर्ट आणि एका अंगाला सात पायऱ्या. पायऱ्या मंडळाच्या पोरांनी रविवार-रविवार करून बांधल्या. बोर्ड रंगवायला दिला तर पेंटरने 'कोर्ट'च्या जागी 'स्टेडियम' लिहून आणलं. म्हणे पत्रा लांब होता, जागा उरत होती. तेव्हापासून रिक्षावालेसुद्धा स्टेडियमच म्हणतात. हे पुस्तिकेत घाल म्हटलं, तर नको म्हणाला. शोभत नाही म्हणे.

६ जाने., मंगळ.

कप शोकेसमधून बाहेर. चिंच लावून घासला, मीच. 'पहिल्या खुल्या स्पर्धेचे विजेते' हे वाक्य त्याने मला दोनदा वाचून दाखवलं. आयुष्यात एकच कप मिळालाय बिचाऱ्याला. नंतर गुडघा गेला, मग सेक्रेटरीपद आलं.

नेमका तेव्हाच होळीचा डॉमनिक आला, नेहमीसारखा स्कूटरवर केळी आणि मुळा घेऊन. तीस वर्षांत आम्ही मुळा विकत घेतलेला नाही. अरुण म्हणाला, "अरे, इतिहासात तुझं पण नाव येणार." डॉमनिक म्हणाला, "हरलेल्याचं कशाला घालतोस?" हसला, पण चहाला थांबला नाही.

ती फायनल मी पायऱ्यांवर बसून पाहिली आहे. डॉमनिक तेव्हा मुंबईला कारखान्यात होता, तिथल्या क्लबात खेळायचा. फटका असला की चेंडू दिसायचा नाही. सगळे म्हणत होते, अरुणचं काही खरं नाही. आणि मग एकामागून एक फटका जाळीत. जाळीत. जाळीत. लोक हसायला लागले. 'डॉमनिकचा हात जड' हे तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. त्यानंतर त्याने रॅकेट हातात धरली नाही.

१० जाने., शनि.

नव्या कोर्टाच्या कंत्राटदाराचा इंजिनियर माप घ्यायला आला. मनवेलपाड्याचा मुलगा, चटपटीत. जाळीजवळ उभा राहून म्हणाला, "अंकल, सेंटर स्ट्रॅप कुठाय? नेट मधे डाउन पाहिजे ना."

अरुण म्हणाला, "कसला स्ट्रॅप?"

मुलाने टेप लावली. खांबांपाशी साडेतीन फूट, बरोबर. मधोमध तीन फूट हवी, ती तिथेही साडेतीन. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. "सहा इंच हाय आहे. असंच खेळता तुम्ही? कमाल आहे."

अरुण घरी आला तो थेट पंख्याखाली बसला. जेवला नाही धड.

११ जाने., रवि.

तो स्ट्रॅप, म्हणजे पट्टा, सापडला. पांढरा, जाड, बकलवाला. खांब आणि सामान आलं त्या खोक्यात होता, हे आज अरुणला आठवलं. तेव्हा कोणालाच कळलं नाही तो कशाचा. चांगला मजबूत म्हणून मी घरी आणला. इतकी वर्षं चिपळूणला माहेरी जाताना आमची मोठी बॅग त्यानेच बांधली आहे.

मला हसू आवरेना. तो मात्र पट्टा मांडीवर घेऊन बसून राहिला.

आता एकेक आठवतं. आपली पोरं बाहेर स्पर्धेला गेली की चेंडू लाइनीच्या बाहेर पडायचे. अरुण म्हणायचा, तिकडे वारा वेगळा. टीव्हीवर परदेशातल्या मॅच बघताना म्हणायचा, बघ यांची जाळी कशी मधे पडलीय, आमच्या जाळीवाल्या जनूला बोलावलं असतं तर ताठ बांधून दिली असती.

१४ जाने., बुध. संक्रांत

तिळगूळ घेऊन पाचूबंदरला, जनू तांडेलाकडे. पहिली जाळी त्यानेच विणली, त्यानेच बांधली. नंतर दर वर्षी मंडळ त्यालाच बोलवायचं, कारण त्याच्या गाठी दुसऱ्या कोणाला सुटत नसत. आता होडीवर जात नाही, ओट्यावर बसून असतो. कान मात्र ठणठणीत.

अरुणने फार जपून विषय काढला. मधे थोडी सैल ठेवायची असते म्हणे, वगैरे.

तांडेल म्हणाला, "सैल? जालं बांधायचं नि मधी लोंबत ठेवायचं? आनि उद्या बंदरावर लोक काय बोलतील मला?"

"पण नियम तसा आहे."

"मंग तवा सांगायचा व्हता. तुमी शिकलेली मानसं, तुमी म्हनलात, मामा, ताठ बांध. मी बांधली." तिळगूळ तोंडात टाकून वर म्हणाला, "तीस वरसं झाली, एक चेंडू तरी मधून गेला काय?"

नाही गेला. हे खरंच.

परतताना अरुण म्हणाला, चूक त्याची नाही. म्हटलं, तुझीही नाही. तो म्हणाला, "पण कप माझ्याकडे आहे ना."

१७ जाने., शनि.

इतिहास बंद पडलाय. कागद 'पहिल्या खुल्या स्पर्धेचे' इथे थांबलाय.

त्याचं म्हणणं असं. डॉमनिकचे फटके खालून, सपाट. जाळी योग्य उंचीची असती तर ते सगळे वरून गेले असते. आपण इथेच शिकलेले, उंच मारायची सवय, म्हणून आपण जिंकलो. म्हणजे तो हरलाच नव्हता. हे त्याला सांगायचं की नाही?

मी म्हटलं, सांग. तो म्हणाला, आता सांगून काय होणार, उगाच जखम उकरायची. आणि मैत्री गेली तर? दोन तास हेच. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, जखम त्याची आहे, उकरायची की नाही ते तो ठरवेल, तू कोण? फार जोरात बोलले बहुतेक. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

खरं तर भीती मलाही वाटते. या गावात आम्ही उपरे. फ्लॅट घेतला तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं. पावसात घरात पाणी शिरलं तेव्हा डॉमनिक आणि त्याची बायको रोझी यांनीच त्यांच्या माडीवर नेऊन ठेवलं होतं. मुलीच्या लग्नात मांडवाची सगळी फुलं त्यांच्या वाडीतली.

१८ जाने., रवि.

होळीला गेलो. ती दोघं चर्चमधल्या मिसाहून नुकतीच आली होती. रोझीने बळेच खायला बसवलं. अरुणने खाल्लं नाही, पिशवीतून कप काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. इंजिनियर, टेप, पट्टा. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला.

डॉमनिक ऐकत होता. मग म्हणाला, "सहा इंच?" हाताने टेबलावर तेवढं अंतर दाखवलं. "एवढं?"

"एवढं."

"पप्पा मरेपर्यंत बोलत होते, हात जड आहे तर कुदळ धर. मी पण पोरांना तेच सांगितलं. आपल्या घराण्याचाच हात जड, तुम्ही त्या खेळाच्या नादाला लागू नका." उठला, मागे केळीत निघून गेला. रोझी म्हणाली, तुम्ही निघा आता, मी बघते.

कप परत आणावा लागला. नाही तर काय करणार.

२३ जाने., शुक्र.

मुळा नाही. केळी नाहीत. बाजारातून आणली. अरुण म्हणाला, पिकवलेली दिसतात. खाल्ली नाहीत.

२५ जाने., रवि.

बाजारात रोझी भेटली. पाठमोरी होती, म्हटलं ओळख देईल की नाही. तिनेच हात धरला. म्हणाली, "भाभी, याचं डोकं फिरलंय. माळ्यावरून रॅकेट काढली. तारा कुजलेल्या, तर स्टेशनजवळ जाऊन नव्या बसवून आणल्या. आता सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या भिंतीवर ठोकत असतो. वालाचा वाफा सगळा तुडवला. वय काय, करतो काय!"

रागात सांगत होती, पण डोळ्यांत हसत होती. मी रस्त्यातच रडले. वेडीच आहे मी.

२९ जाने., गुरु.

डॉमनिकचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "कोर्ट कधी उखडणार?" अरुण म्हणाला, सोमवारी, दोन तारखेला. "मग रविवारी चार वाजता ये. एक सेट."

अरुणने गुडघ्याला तेल मागितलं. डॉक्टरांनी काय सांगितलंय त्याची मी आठवण करून दिली. "एकच सेट गं," म्हणाला. लहान मूल जसं एकच लाडू मागतं तसं. मीच चोळून दिलं.

१ फेब्रु., रवि.

उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

अरुण लवकर गेला, लाइनींवर चुना मारला, बॅगेचा पट्टा लावून जाळी मधे खाली ओढली. टेप लावून बरोबर तीन फूट. डॉमनिक आला, त्याने बघितलं, म्हणाला, "काढ तो."

"अरे, हीच बरोबर आहे."

"असू दे. मला त्याच जाळीने हरवलं. तिच्यावरूनच जिंकायचंय." पट्टा काढला. जनू तांडेलाची जाळी पुन्हा ताठ.

पायऱ्यांवर रोझी, मी, थर्मास आणि अरुणने आणलेला कप. खेळ काय होता, दोन म्हातारे. चेंडूपर्यंत पोचण्यापेक्षा चेंडू आणायलाच जास्त वेळ. पण डॉमनिकचा पहिला फटका जाळीत गेला ना, तेव्हा माझा जीव कळवळला. दुसरा पण. मला नवऱ्याने हरावं असं मनापासून वाटत होतं, आणि शेजारी रोझी प्रार्थना पुटपुटत होती ती अरुणच्या गुडघ्यासाठी. मग हळूहळू तो उंच मारायला लागला. भिंतीवर तेच घोटलं असणार. अरुण काही सोडत नव्हता. मुद्दाम हरलास तर घरी येऊ नकोस, असं मी आधीच बजावलं होतं.

पाच-पाच. मग सहा-पाच, डॉमनिक पुढे, आणि त्याला एकच पॉइंट हवा. उजेड उतरायला लागलेला. डॉमनिकने चेंडू असा उंच टाकला की आम्ही चौघंही माना वर करून बघत राहिलो. पडला अरुणच्या मागे, अगदी शेवटच्या लाइनीवर. किंवा लाइनीच्या मागे.

अरुण वाकला. "आत आहे. जिंकलास."

डॉमनिक जाळीला वळसा घालून आला, तोही वाकला. "बाहेर आहे. मला दान नको."

"दान कसलं? चुना उडाला, मी बघितला."

"माती उडाली. हा बघ डाग, लाइनीला लागलाच नाही."

"चष्मा लाव."

"तू लाव!"

अर्धा तास. गुडघे टेकून, एकमेकांच्या अंगावर ओरडत. मला विचारलं, रोझीला विचारलं. आम्ही दोघींनी चहा ओतून घेतला आणि म्हटलं, आम्हाला काही दिसलं नाही. मला दिसलं होतं. इथेही लिहिणार नाही.

अंधार पडला तरी ठरेना. शेवटी उद्या सकाळी उजेडात बघायचं ठरलं. डाग पुसू नये म्हणून डॉमनिकने रोलरजवळचं घमेलं आणून त्यावर पालथं घातलं, अरुणने घमेल्यावर वीट ठेवली. कप घरी कोणी न्यायचा यावरून पुन्हा भांडण, तो रोझी घेऊन गेली.

घरी येऊन अरुणने आधी कंत्राटदाराला फोन लावला. "उद्या माणसं पाठवू नका. नाही, परवाचंही सांगता येत नाही. अहो, मॅच चालू आहे."