मुख्य अर्जदार

५ फेब्रुवारी
निर्णय झाला. कॅनडा. बेळगावातल्या अनगोळच्या या गल्लीत माझ्यासारख्या माणसाचं काही होणार नाही. उद्यमबागेत फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये बसून लोकांना हातमोजे वाटणं हे काम नव्हे, शिक्षा आहे. हातमोजे मागतानासुद्धा ओरडतात. कॅनडात ओरडत नाहीत, व्हिडिओत पाहिलं.
बारावी अर्धवट राहिली हे खरं, पण शुद्धलेखनात आमच्या मॅनेजरलाही मी चुका दाखवल्या आहेत. म्हणून तर पगार वाढत नाही.
ही रोजनिशी इंग्रजीत लिहायची. उद्यापासून.

६ फेब्रुवारी
उद्यापासून.

८ फेब्रुवारी
निपाणीला जाऊन परदेशी नोकऱ्यांच्या सल्लागाराला भेटलो. नाव समर्थ. ऑफिस तंबाखूच्या गोदामावर. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी शिंकत होतो. तो शिंकत नाही, मुरलेला आहे.
त्याचं म्हणणं असं: तिथल्या मालकाने आधी बाहेरचा माणूस ठेवण्याची परवानगी काढायची. मग ऑफर लेटर. मग आपलं वर्क परमिट. तेही टेम्पररी, आणि त्या एकाच मालकापुरतं. मी विचारलं, आणि फॅमिली? तो म्हणाला, मुख्य अर्जदाराच्या मागे नवऱ्याला नाहीतर बायकोला परमिट मिळतं, पण सरसकट न्हाय. काम कुठल्या पायरीचं हाय ते बघत्यात. खालच्या पायरीला फॅमिली न्हाय.
हे मला सांगण्याचं कारण कळलं नाही. मी सुपरवायझर होणार आहे.

९ फेब्रुवारी
पूर्णिमाला समोर बसवून समजावलं. मुख्य अर्जदार मी. तू माझ्यावर अवलंबून. मी गेलो तर तू येणार, मी परतलो तर तुलाही परतावं लागणार. तुझं स्वतःचं असं तिथे काही नाही. कळलं का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, ह्यात नवं काय सांगितलासा? आणि मशीन चालू केली.
मशीन म्हणजे छळ आहे. ती वडगावच्या मागवाल्यांची मुलगी. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढली, त्यामुळे सासरी शांतता सहन होईना. जाड कापडाची मशीन घरात आणून शाळेच्या बॅगा आणि ट्रॅक्टरचे हूड शिवते. अशिक्षित काम. बी.कॉम. झाली आहे, ते वेगळं.

२१ फेब्रुवारी
पासपोर्टच्या पोलीस चौकशीसाठी हवालदार आला. कन्नडमधून विचारत होता. बेळगावात जन्म काढून मी आजवर कन्नड बोललेलो नाही. तत्त्व आहे. तशी मला पूर्ण येते, फक्त मी बोलत नाही आणि समजून घेत नाही.
अशा वेळी मी दाराआड उभा राहतो आणि पूर्णिमा बोलते. लाइट बिलवाला असो, वर्गणीवाले असोत, ती सांगते, यजमानरु इल्ला. म्हणजे मालक घरात नाहीत. माणूस निघून जातो. चांगली व्यवस्था आहे. आज मात्र मला बाहेर यावं लागलं, कारण चौकशी माझीच होती. तिने चहा दिला, काहीतरी बोलून त्याला हसवलं, काम झालं. जाताना त्याने तिला आक्का म्हटलं. मला काही म्हटलं नाही. दबून गेला असावा.

१० मार्च
आरशासमोर इंग्रजीचा सराव सुरू. ओठ कमी हलवायचे, हे त्यातलं मुख्य. बाहेरून आई म्हणाली, कुणासंगट भांडायलायस रं आत? घरात वातावरण नाही.

२८ मार्च
समर्थचा फोन. कॅनडातली एक कंपनी. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या बनवते. स्टोअरला माणूस हवा आहे. मालक स्वतः व्हिडिओवर मुलाखत घेणार.
म्हणजे झालंच. मुलाखत ही औपचारिकता.

२ एप्रिल
जोतिबाकडे माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स छापायला टाकला. तो लहानपणापासून मित्र असला तरी फ्लेक्समध्ये त्याच्या चुका फार, म्हणून स्वतः बसून प्रूफ तपासलं. त्याने विचारलं, टेम्पररी कशाला लिवतोस रं? लोक हसत्यात. कॅनडाचे नागरिक टाकू? मी खोटं लिहू देत नाही. 'कॅनडाचे रहिवासी' यावर तडजोड केली. खाली फोटो. कोट जोतिबाने कॉम्प्युटरवर चढवला.
पूर्णिमा म्हणाली, मुलाखत तर होऊ द्या आधी. असल्या विचारांमुळेच बेळगाव मागे राहिलं.

६ एप्रिल
फ्लेक्स कोपऱ्यावर लागला. मंडळाने सत्कार केला. फेटा, नारळ, शाल. आमच्याकडे माणूस जाण्याआधी सत्कार करतात, गेल्यावर सापडत नाही म्हणून. मी छोटं भाषण केलं. जे मागे राहिले त्यांनीही खचून जाऊ नये, असं सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, तू जा की रं आधी. फाउंड्रीतला असावा. तिथली माणसं ओरडल्याशिवाय बोलू शकत नाहीत.

१४ एप्रिल, संध्याकाळ
मुलाखत झाली. घडलं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्या घरातले वेगळं सांगतील.
खरा कोट घातला होता. पूर्णिमाला मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं. मालक पडद्यावर आला. नाव नागराज. मूळ गोकाकचा निघाला! बेळगाव ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा फुलला आणि त्याने विचारलं, ऊट आयता? जेवण झालं का, एवढं इथे कोणालाही कळतं. पण मी इंग्रजीची तयारी केली होती. मी सांगितलं की माझी सर्वांत मोठी ताकद शिस्त आहे.
तो हसला. मग कन्नडमध्ये लांबलचक काहीतरी विचारलं. मी तत्त्वाला चिकटून राहिलो. घाम आला तो कोटामुळे. त्याने पुन्हा विचारलं, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. मी शिस्तीचं वाक्य पुन्हा म्हटलं.
तेव्हा मागून पूर्णिमाने उत्तर दिलं. काय दिलं ते समजून घेतलं नाही. नागराजने तिला पुढे बोलावलं. मी सौजन्य म्हणून खुर्ची थोडी सरकवली. मग आणखी थोडी. शेवटी पडद्यावर माझा एक कान होता. ते गोकाकच्या करदंटावर, म्हणजे तिथल्या मिठाईवर बोलत होते, एवढं नक्की, कारण तो शब्द चार वेळा आला.
मग त्याला मागची मशीन दिसली. त्याने काहीतरी विचारलं. तिने ट्रॅक्टरचा हूड आणला, उलटा करून शिवण दाखवली. त्याला जवळून पाहायची होती. हूड जड असल्यामुळे कॅमेऱ्यासमोर मी धरला. मुलाखतीत माझा प्रत्यक्ष सहभाग कमी होता, असं कोणी म्हणू शकणार नाही.

१९ एप्रिल
समर्थचा फोन. कंपनीने ऑफर दिली आहे. ताडपत्र्या शिवायला. पूर्णिमाला.
चूक झाली असणार. तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. उत्तर आलं की चूक नाही. स्टोअरला त्यांना माणसांशी बोलणारा माणूस हवा होता.

२० एप्रिल
शांतपणे विचार केला. वाईट काहीच नाही. ती मुख्य अर्जदार राहील कागदावर. मी तिच्या मागे परमिट काढून जाईन आणि तिथे पोचल्यावर सुपरवायझर होईन. उलट हे सोपं. नागराजला मीच असं सुचवणार होतो.
पूर्णिमाला विचारलं, तुझी तयारी आहे का. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, मी जातो की. तिला एवढ्या पटकन उत्तर देताना कधी पाहिलं नव्हतं.

२६ एप्रिल
निपाणी. शिंका. समर्थ म्हणाला, शिवणकामाची पायरी खालची, तिच्या मागं तुम्हाला परमिट मिळायचं न्हाय. पाव्हणा म्हणून चार दिवस जाऊन या, काम मात्र करायचं न्हाय. मी म्हणालो, हा अन्याय आहे, कुटुंब तोडण्याचा प्रकार आहे. तो म्हणाला, फेब्रुवारीत हेच सांगितलं तवा तुम्ही घड्याळ बघत होता.
घरी आईला सांगितलं. तिने माझी बाजू घ्यावी अशी अपेक्षा होती. म्हणाली, जाऊ दे की रं तिला. तू हैस की घरात.

१५ मे
कोपऱ्यावरचा फ्लेक्स आईने काढून आणला. गच्चीवर अंथरून त्यावर सांडगे घातले. माझ्या केसांवरचे सांडगे आधी वाळले, काळा रंग ऊन धरतो म्हणून.

११ ऑक्टोबर
पूर्णिमा गेली. सांबऱ्याहून सकाळचं विमान. हातावर दही मीच घातलं. दही सांडलं नाही. थोडंच सांडलं. मंडळाने पुन्हा सत्कार ठेवला होता. फेटा तोच, माझाच मागून नेला.
जाताना मला काहीतरी सांगेल म्हणून वाट पाहिली. म्हणाली, मशीनला तेल घालत जावा. मग थोडं पुढे जाऊन परत आली आणि म्हणाली, आन् कुणी आलं तर दाराआड उभं ऱ्हाऊ नका.
घर फार शांत आहे. हेच तर मला हवं होतं.

१९ ऑक्टोबर
मशीनला तेल घातलं. दोन वेळा.

३ नोव्हेंबर, दुपार
आजपासून कन्नड. तत्त्वं माणसासाठी असतात.
पुस्तक आणायच्या आधीच प्रसंग आला. फेब्रुवारीतला तोच हवालदार कोणाचा तरी पत्ता विचारत दारात. आक्का, आक्का, म्हणून हाक मारत होता. आई देवळात. मी सवयीने दाराआड गेलो. तो काही जाईना. मग आठवलं की सांगणारं कोणी नाही. पुढे आलो. आयुष्यभर दाराआडून ऐकलेलं वाक्य तयार होतंच. स्पष्ट म्हणालो, यजमानरु इल्ला.
त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या हातात तेलाची बुधली होती. त्याने मान डोलावली आणि निघून गेला.
पहिलंच वाक्य, आणि एकही चूक नाही.