दादाच्या वाट्याची गोळी

कार्तिक वद्य ४

सुतक. फडात कारकुनीला जाणे नाही. सकाळी उपाध्ये आले. अकराव्या दिवशीच्या शय्यादानाचे ठरवायचे होते. पलंग, गादी, छत्री, जोडा, तांब्या. दादाच्या वापरातले सगळे द्यायचे. मग म्हणाले, ज्याच्यावाचून गेलेल्याचे चालत नसे तेही द्यावे. आणि घेणाऱ्याने ते वापरावे. त्याने वापरले तरच तिकडे पोहोचते.

मग आई म्हणाली, "मग गोळी द्यायला हवी."

माळव्याच्या स्वारीत मांडीत भाला बसून दादा परत आला तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ अफूची गोळी घेत असे. घरात सगळ्यांना ठाऊक. उपाध्यांसमोर शब्द आज प्रथम निघाला. ते म्हणाले की शास्त्रात असे नाव घेऊन सांगितलेले नाही, नकोही म्हटलेले नाही. कर्ता मी. मी ठरवायचे.

दुपारी दादाचा जोडा पुसून ठेवला. लंगडण्यामुळे एकच टाच झिजलेली. दुसऱ्याच्या पायाला कसा बसणार.

वद्य ५

भेटीला माणसे. शेजारचे रामभाऊ बराच वेळ बसले. दुःखाच्या घरात हलके बोलण्याची त्यांना सवय आहे आणि आज ती बरी वाटली. गोळीची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेलीच होती. त्यांचे मत असे की माणूस कोणती चीज धरतो यावरून माणूस कळतो. अफूवाला मनाचा मऊ, कोणाला दुखवायचे नाही म्हणून आत सरकून बसणारा. भांगवाला पोटाने आणि हसण्याने मोठा. गुडगुडीवाल्याला चार माणसे समोर लागतात.

मी विचारले, तपकीर? माझी डबी मांडीवर होती.

"तपकीरवाला मनातले नाकात कोंबतो. तुझ्यासारखा."

"आणि काहीच न घेणारा?"

"तो आमच्यासारख्यांना नावे ठेवतो. त्याला त्याचीच झिंग असते."

हसू आले. मग सुतकात हसलो म्हणून वाईट वाटले. दादा असता तर तोही हसला असता, आवाज न करता.

वद्य ६

ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याचे झाले. परत आलो तेव्हा वहिनींचे जे व्हायचे ते घरी होऊन गेले होते. न्हावी येऊन गेलेला. लाल अलवण. मी वर पाहिले नाही.

दिवेलागणीला त्या माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भावोजी, गोळी देऊ नका. इथे नाही सुटली. तिकडे तरी सुटू देत."

आई आतून ऐकत होती. ती म्हणाली की माळव्यातून आल्यावर एकदा अफू मिळाली नव्हती तेव्हा तो जमिनीवर कसा लोळला ते तू पाहिले नाहीस, तू तेव्हा माहेरी होतीस. तो एकटा गेला आहे. त्याला तिथे कोण देणार.

दोघीही खऱ्या. मी काय…

वद्य ७

शय्यादान झाले. अकराव्याचे दान घ्यायला सहजी कोणी तयार होत नाही, अशुभ मानतात. पुढच्या गल्लीतले गणेशभट तयार झाले. पोरेबाळे आहेत, अंथरूण नाही. तापट म्हणून पेठेत प्रसिद्ध. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटतात, तिच्यावरून दरवर्षी त्यांचे भांडण ठरलेले. त्यांना गोळीचे आणि ती घ्यावी लागेल हे आधी सांगितले. म्हणाले, "नियमच आहे तर घेऊ. विषही नेमाने घेतले तर पचते."

मासिक श्राद्धापर्यंत पुरेल एवढी अफू पितळी डबीत घालून दिली. मीच दिली. आईकडे पाहून दिली.

वहिनी आत होत्या. रात्री ताट वाढले ते त्यांनी, पण बोलल्या नाहीत.

मार्गशीर्ष शुद्ध ३

फडात जाऊ लागलो. काम पुष्कळ आहे ते बरे.

दादाचा विचार करतो तो नेहमी एकच दादा. भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून बसलेला. माझे अक्षर गिचमिड होते, ते त्याने बसवले. रोज मोडीचे एक पान लिहून घ्यायचा, चूक असली की बोट ठेवायचा फक्त. कधी आवाज चढला नाही. "असू दे," हा त्याचा शब्द. दूध सांडले, असू दे. पागोटे चोरीला गेले, असू दे.

पण स्वारीला जाण्याआधीचा दादाही मला आठवतो. भातात खडा लागला म्हणून ताट अंगणात भिरकावले होते. मला एकदा कान धरून विहिरीपर्यंत फरफटत नेले होते. मी लहान होतो, तरी आठवते. आईला हे सांगितले तर म्हणते, छे, तो जन्मापासून गरीब.

मार्गशीर्ष शुद्ध ९

वहिनी आज बोलल्या. मी डोळे पुसत होतो ते त्यांनी पाहिले असावे. म्हणाल्या,

"तुम्ही ज्यांच्यासाठी रडता ते गोळीनंतरचे. गोळीआधी, रोज उजाडता, जे असायचे ते माझ्या वाट्याला."

काय असायचे ते मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

म्हणजे मी कोणासाठी रडतो? अक्षर मला माणसाने शिकवले की अफूने? रामभाऊ म्हणतात मऊ माणूस अफू धरतो. पण धरली ती भाल्याच्या जखमेपायी, मऊ म्हणून नव्हे. मऊ नंतर झाला.

मार्गशीर्ष शुद्ध १२

पहिले मासिक. गणेशभट जेवायला. पुढच्या महिन्याची अफू मागितली नाही, आईनेच दिली. मी अडवले नाही.

मार्गशीर्ष वद्य १०

हौदावर गणेशभट (ग.भ.) दिसले. पाणी भरण्यावरून एका कासाराची त्यांच्याशी बाचाबाची लागली. म्हणजे कासाराचीच लागली. हे बाजूला झाले, घागर खाली ठेवली आणि म्हणाले, "असू दे. भर तू आधी."

मान किंचित कलती. पापण्या अर्ध्या. पायात दादाचा जोडा, त्यामुळे चालही थोडी तशीच.

मी भरल्या घागरीसह घरी कसा आलो कळले नाही. म्हणजे एवढेच होते तर. कोणाही तापट माणसाला महिनाभर चारली की दादा तयार होतो.

तपकीर ओढली. डबी लगेच बंद केली. हीही मला काही करत असेल, मला काय ठाऊक.

पौष शुद्ध २

आईने ग.भ. ना उगाचच जेवायला बोलावले. दादाच्या पाटावर बसवले. आमटीत मीठ नव्हते. आई हळहळली तर ते म्हणाले, असू दे. आईने पदर डोळ्यांना लावला, पण चेहरा कितीतरी दिवसांनी निवळला. म्हणाली, पोहोचते आहे हो त्याला.

वहिनी वाढता वाढता आत गेल्या त्या परत आल्या नाहीत. भात मी वाढला.

पौष शुद्ध ८

ग.भ. ची बायको मागच्या दाराने वहिनींकडे आली. मी ओसरीवर होतो, ऐकू आले. धाकट्या मुलीला गोवर निघाला, अंग भट्टीसारखे तापले. नवऱ्याला म्हणाली वैद्यबुवांकडे जा. तो पडल्या पडल्या म्हणाला, असू दे, उतरेल. शेवटी तीच गेली. मुलगी आता बरी आहे.

ती म्हणत होती, "आधी अंगावर ओरडायचे हो. पण ओरडत ओरडत धावायचे."

एकीकडे जीव भांड्यात पडला. कारण मला देवी आल्या होत्या तेव्हा दादा गोळीवरच होता, आणि तरी लंगडत रोज नदीपलीकडून कडुलिंबाचा ताजा पाला आणायचा. इथल्या झाडाचा धुळीचा असतो म्हणून. अंथरुणाभोवती तो पसरायचा, वारा घालायचा. गोळी तीच. हा पडून राहिला, तो गेला. म्हणजे पाला आणणारा दादा होता, गोळी नव्हे.

हे वहिनींना सांगितलेच पाहिजे असे वाटले. सांगितले. मी एवढे सलग क्वचित बोलतो.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुमच्यासाठी आणला. आपली बाळी गेली तेव्हा मी हाका मारत होते. तेव्हा म्हणाले, असू दे."

पुतणी गेली एवढेच मला ठाऊक होते, हे नव्हते. मी तेव्हा सासवडास होतो.

पौष शुद्ध ९

दिवसभर काही लिहिता आले नाही. फडातही दोन पत्रे पुन्हा लिहावी लागली.

पाला आणणारा आणि असू दे म्हणणारा एकच. कोणता गोळीचा आणि कोणता त्याचा, हे निवडून वेगळे काढता येईल असे मला वाटत होते.

आणि माझ्या हातून एका घरात अफू गेली, ते वेगळेच. रामभाऊंना विचारले, काय करावे. म्हणाले, "तुझ्या भावाचे तिकडे काय होते ते कोणी पाहिले नाही. त्या भटाचे इकडे काय होते ते सगळी पेठ पाहते आहे."

पौष शुद्ध १२

दुसरे मासिक. आज डबी भरली नाही. आईला आदल्या दिवशीच सांगितले. ती जेवली नाही. दुःखाच्या वर्षात संक्रांत करायची नाही म्हणून घर आधीच सुने.

ग.भ. पान उष्टे करून उठले आणि ओसरीवर बसून राहिले. जाईनात. शेवटी मीच म्हणालो की यापुढे गोळी द्यायची नाही असे ठरले आहे. त्यांनी प्रथम हसून घेतले. मग म्हणाले, "नियम तुमचा. मी मागायला आलो होतो का? तुम्ही आलात माझ्या दारात." खरे आहे.

पौष शुद्ध १४

ग.भ. आजारी. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जांभयांवर जांभया, कापरे. बायको धावत आली. आईने ऐकले आणि देवासमोर बसली ती उठेना. म्हणते, तिकडे माझाही असाच लोळत असेल. तुम्ही दोघांनी लोळवला.

मी डबी घेतली आणि निघालो. काय करायचे ठरले नव्हते. वहिनींनी दारात हात पुढे केला. डबी काढून घेतली. मला वाटले फेकणार.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाटावर बसल्या आणि गोळी वळली. सुंठीच्या पुडीत मळून. म्हणाल्या, एकदम तोडली तर माणूस जातो. ही नेहमीपेक्षा थोडी लहान आहे. पुढची आणखी लहान. त्याला कळणार नाही अशी. मी ती पोहोचवली. संध्याकाळपर्यंत ग.भ. उठून बसले.

एवढे हाताला ठाऊक कसे, हे मी विचारले. दादावर एकदा करून पाहिले होते म्हणाल्या. अर्ध्यावर आणले होते. मग बाळी गेली. मग पुन्हा मोठी वळली.

"त्यांनी मागितली?"

"नाही. मीच वळली. ओरडायला लागले असते तर मला ऐकवले नसते."

पौष वद्य १

आईचे सांत्वन होईना. लहान गोळी म्हणजे दादाच्या वाट्याला कमी, असे तिचे. मी शास्त्राचे काही बोलायला गेलो, जमले नाही. वहिनी इतके दिवस आईसमोर मान वर करून बोलल्या नव्हत्या. आज तिच्या पायाशी बसल्या.

"सासूबाई, गणेशभट घेतात ते त्यांना पोहोचते ना?"

"हो तर."

"मग हे लहान घेतील तर त्यांनाही लहानच पोहोचेल. हळूहळू. लोळायला नाही लागणार. यांची सुटेल तशी त्यांचीही सुटेल."

आईने विचारले, सुंठ कोणती घातलीस. जुनी असेल तर त्याला उष्ण पडते, नवी घे.

माघ शुद्ध १२

तिसरे मासिक. गोळी आता तुरीच्या दाण्याहून लहान. आई वळताना शेजारी बसते.

ग.भ. आज दक्षिणेवरून उपाध्यांशी भांडले. आमच्याच ओसरीवर, हात नाचवून. त्यांच्या बायकोला हे सांगितले तर तिने तोंडाला पदर लावला. घरीही परवा ओरडले म्हणाली, कढीत मीठ जास्त झाले म्हणून. मग हळू म्हणाली की मुलीला मात्र अजून आधीसारखे मांडीवर घेत नाहीत. घेतील कदाचित.

मी अजून त्यांच्या तोंडाकडे पाहतो. काय शोधतो ते मला नीट सांगता येणार नाही.

माघ वद्य ४

संध्याकाळी वहिनी तुळशीपाशी होत्या. मी फडातून येत होतो. त्यांनी थांबवले. वर न पाहता म्हणाल्या,

"गोळीतून सुटलेले ते मी कधी पाहिलेच नाहीत. मी या घरात नांदायला आले ती स्वारीनंतर. तुम्ही पाहिले आहेत. कसे होते हो?"

ताट, विहीर, सगळे ओठांवर आले. ते खोटे नाही. त्या मागत असत्या तर सांगितलेही असते, त्यांनी याहून वाईट पाहिले आहे. पण तेवढेच सांगितले तर तेही खरे नव्हे.

म्हटले, शीळ घालायचा. फार गोड. आई रागवायची, भल्या घरचा मुलगा शीळ घालतो का म्हणून. गच्चीवर जाऊन घालायचा, खाली रस्त्याने जाणारे थांबून वर पाहायचे. माळव्याहून आल्यावर कधी ऐकली नाही.

वहिनींनी दिवा लावला. वात सारखी करत बसल्या.

"कोणती चाल?"

आठवेना. सुरुवात वर जायची एवढे आठवते. पुढे काय होते ते जेवताना, नंतर अंथरुणावर, आता लिहितानाही शोधतो आहे. आईला विचारावे तर ती म्हणेल तो शीळ घालतच नव्हता.